अंदाज कशाच्या आधारावर?

अकोल्याच्या बद्रीदास रामराय पेढीचा प्राप्तिकराचा वाद १९३७ साली लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. पेढीने कायद्याप्रमाणे द्यायची माहिती दिली नव्हती. त्यामुळे प्राप्तिकर अधिकाऱ्याने १९२२च्या कायद्यातल्या कलम २३(४)चा आधार घेऊन उत्पन्नाचा आकडा स्वतःच ठरवला. नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनर कोर्टाचं म्हणणं असं की, अधिकाऱ्याने आधी स्थानिक चौकशी करायला हवी होती आणि तिच्यातून काय हाती लागलं ते टिपून ठेवायला हवं होतं. प्रिव्ही कौन्सिलने हे मत फिरवलं. कायद्यात अशी सक्ती नाही, असा लॉर्ड रसेल ऑफ किलोवेन यांनी निर्वाळा दिला. पण त्याच निकालात अधिकाऱ्याला मर्यादाही घातली. त्याने अप्रामाणिकपणे, सूडबुद्धीने किंवा मनाला येईल तसं वागता कामा नये. गावातली पत, मागची विवरणपत्रं, परिसराची माहिती, जे जे उपयोगी पडेल ते विचारात घ्यावं. शेवटी अटकळ बांधावी लागणारच, पण ती प्रामाणिक असली पाहिजे.

पुढे भारतात ज्या ज्या कोर्टात ‘बेस्ट जजमेंट’ आकारणीचा वाद निघाला, तिथे हा अकोल्याचा निकाल वाचला गेला. माझं मत मात्र प्रिव्ही कौन्सिलपेक्षा नागपूरच्या कोर्टाकडे झुकतं. स्थानिक चौकशीची सक्ती नसेलही, पण अटकळ प्रामाणिक होती की नव्हती हे कुणी आणि कशावरून ठरवायचं? आधार कागदावर नसेल तर प्रामाणिकपणाची कसोटी लावणार कशाला? नियामकाने अंदाज केला यावर माझा आक्षेप नाही. अंदाजाशिवाय कोणतीही करव्यवस्था चालत नाही; जो हिशेब देत नाही त्याला सोडून देणं हा देणाऱ्यावर अन्याय असतो. पण अंदाज कशावरून काढला हे विचारण्याचा आणि त्याचं उत्तर मिळण्याचा हक्क कारखानदाराला असलाच पाहिजे. पुढची पानं वाचताना वाचकाने हाच प्रश्न हाताशी ठेवावा.

सिंगापूरमधल्या अंदाजित आकारणीवरच्या या पुस्तकाची सुरुवात अकोल्यापासून करण्याचं कारण साधं आहे. ८ एप्रिल १९९४ पर्यंत सिंगापूरचंही शेवटचं अपील लंडनच्या त्याच प्रिव्ही कौन्सिलकडे जात असे. तिथला प्राप्तिकर कायदा १९४७चा, आणि त्याचा साचा ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींसाठी १९२२ मध्ये तयार केलेल्या नमुना अध्यादेशाचा. विवरणपत्र आलं नाही किंवा पटलं नाही तर अधिकाऱ्याने आपल्या सर्वोत्तम निर्णयबुद्धीने आकारणी करावी, हे सूत्र दोन्हीकडे सारखंच आहे. जुरॉंग आणि तुआसच्या वर्कशॉपमध्ये, कचेऱ्यांत काम करणाऱ्या किंवा स्वतःची छोटी कंपनी चालवणाऱ्या मराठी माणसाला म्हणूनच हा विषय वाटतो तितका परका नाही.

सिंगापूरची पद्धत थोडी बारकाईने पाहू. आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत कंपनीला आपल्या करपात्र उत्पन्नाचा अंदाज आयरासकडे, म्हणजे तिथल्या महसूल खात्याकडे, द्यावा लागतो. उलाढाल ठरावीक मर्यादेच्या आत आणि अंदाजित उत्पन्न शून्य असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे पहिला अंदाज करदात्याचा. मग ३० नोव्हेंबरपर्यंत पक्कं विवरणपत्र. ते आलं नाही तर खातं मागच्या वर्षांच्या उत्पन्नावरून किंवा हाती असलेल्या माहितीवरून आकडा काढतं आणि अंदाजित आकारणीची नोटीस पाठवतं. समजा, तुआसमधल्या एका वर्कशॉपला गेल्या वर्षी मोठी ऑर्डर मिळाली आणि ३ लाख डॉलरचा नफा झाला. यंदा ती ऑर्डर गेली, दोन मशीन बंद पडली, हिशेबनीस सोडून गेला आणि विवरणपत्र राहिलं. खात्याने गेल्या वर्षीचाच आकडा धरला, तर सवलती बाजूला ठेवून १७ टक्के दराने ५१ हजार डॉलर होतात. नोटिशीच्या तारखेपासून एका महिन्यात ते भरायचे. हरकत घ्यायला दोन महिने मिळतात, पण हरकत घेतली म्हणून भरणा आपोआप थांबत नाही. खात्याने वेगळी सवलत दिली तरच थांबतो. मुदतीत हरकत आली नाही तर तोच अंदाज अंतिम होतो.

पैसे द्यायची मुदत एक महिन्याची आणि भांडायची दोन महिन्यांची. मोठ्या कंपनीला यात अडचण नाही. तिच्याकडे सल्लागार असतात, बँकेत शिल्लक असते. ज्याचा महिन्याचा पगारच जेमतेम निघतो त्याच्या दृष्टीने मात्र लढाई सुरू होण्याआधीच अर्धी संपलेली असते. खात्याच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की, अशी नोटीस आल्यावर रीतसर विवरणपत्र आणि हिशेब दिले तर ते आकडा पुन्हा तपासतं. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात आणि ती मिटावीत. या अंदाजाचा खरा हेतू कर गोळा करण्यापेक्षा विवरणपत्र बाहेर काढणं हाच असतो.

वाद पुढे गेला तर तो इन्कम टॅक्स बोर्ड ऑफ रिव्ह्यूकडे जातो, तिथून हायकोर्टात. तिथे पाऊल ठेवताच कलम ८० समोर येतं: आकारणी जास्त आहे हे सिद्ध करण्याचा भार अपील करणाऱ्यावर. खात्याने आपला आकडा बरोबर आहे हे आधी सिद्ध करायचं नसतं. कारखानदाराने तो चुकीचा आहे हे दाखवायचं असतं. ज्याने विवरणपत्रच दिलं नाही त्याच्यावर हा भार टाकणं समजण्यासारखं आहे. हिशेब त्याच्याच कपाटात असतो. पण ज्याने विवरणपत्र दिलं, वह्या दाखवल्या आणि तरीही ज्याच्या वह्यांवर अधिकाऱ्याचा विश्वास बसला नाही, त्याच्यावरही तोच भार. ही दोन माणसं एकाच रांगेत उभी करणं मला न्याय्य वाटत नाही. या विषयावर लिहिणारे बरेच जण हा भेद करत नाहीत, म्हणून तो इथे मुद्दाम नोंदवतो.

याहून वेगळा एक अंदाज असतो. त्यात कुणाचीही कसूर नसते आणि खरा आकडा कुणापाशीच नसतो. सिंगापूरमधला मालमत्ता कर हे त्याचं ठळक उदाहरण. कारखान्याच्या इमारतीवर तिच्या वार्षिक मूल्याच्या १० टक्के कर लागतो. वार्षिक मूल्य म्हणजे ती जागा भाड्याने दिली तर वर्षाला किती भाडं येईल, त्याचा अंदाज. गाळ्याच्या बाबतीत हे सोपं आहे. शेजारचा गाळा कितीला गेला ते पाहायचं. पण सात बेटांभोवती भर घालून उभ्या केलेल्या जुरॉंग बेटावरचा तेलशुद्धीकरण कारखाना कोण भाड्याने घेणार? तसा भाडेकरू कधी नव्हता आणि पुढेही नसेल. तरी मुख्य मूल्यनिर्धारकाला तो कल्पावाच लागतो. मग जमिनीची किंमत काढायची, बांधकामाचा खर्च धरायचा, जुनेपणाची घट वजा करायची आणि उरलेल्या रकमेवर एक टक्केवारी लावून भाडं ठरवायचं. या साखळीतला प्रत्येक दुवा अंदाजाचा. घट पाच टक्क्यांनी कमी धरली किंवा शेवटची टक्केवारी अर्ध्याने वाढवली, की बिल कुठल्या कुठे जातं.

त्यात यंत्रांची गुंतागुंत. एखादी वस्तू बनवणं, तिच्यात बदल किंवा दुरुस्ती करणं, तिच्यावरून शेवटचा हात फिरवणं, ती विक्रीयोग्य करणं, यासाठी वापरलेल्या यंत्रांमुळे जागेचं जे मूल्य वाढतं ते करासाठी धरायचं नाही, असं मालमत्ता कर कायद्याच्या दुसऱ्या कलमात म्हटलं आहे. हेतू चांगला आहे. कारखानदाराने नवं यंत्र आणलं म्हणून त्याच्यावर जास्त कर बसू नये. पण यंत्र कुठे संपतं आणि इमारत कुठे सुरू होते? तेल साठवायची टाकी वस्तू बनवत नाही. त्याच टाकीत दोन तेलं मिसळून विकायचं तिसरं तेल तयार होत असेल तर? टाकीखालचा काँक्रीटचा पाया कुठल्या बाजूला टाकायचा? असे वाद आधी व्हॅल्युएशन रिव्ह्यू बोर्डापुढे जातात आणि तिथे वकिलांइतकेच मूल्यनिर्धारक आणि अभियंते लागतात. ज्या मराठी अभियंत्यांना वाटतं की करवादात आपलं काय काम, त्यांनी या प्रकरणांकडे जरूर पाहावं. पुष्कळदा निकाल पाइपिंगच्या नकाशावर ठरतो.

वेतनावर आधारित आकार त्या मानाने सरळ आहेत. १९७९ पासून चालू असलेला कौशल्य विकास आकार पगाराच्या ०.२५ टक्के, तोही पहिल्या ४,५०० डॉलरवर. पगारपत्रक असलं की वादाला जागा फारशी उरत नाही.

आता आपल्या बाजूला वळू, कारण औद्योगिक अंदाजाची खरी शाळा भारतातच भरली. जालन्यातल्या लोखंड कारखान्यांचं उदाहरण बोलकं आहे. तिथल्या इंडक्शन फर्नेसमध्ये भंगार वितळवून इनगॉट ओततात. उत्पादन शुल्क खात्याला शंका आली की, वहीत दाखवलेल्यापेक्षा जास्त माल बनतो आणि शुल्क न भरता बाहेर जातो. माल तर गेलेला. उरलं होतं फक्त विजेचं मीटर. मग विजेच्या युनिटवरून उत्पादन काढून नोटिसा गेल्या. आयआयटी कानपूरच्या डॉ. बत्रा यांच्या अहवालात एक टन इनगॉटला ५५५ ते १,०४६ युनिट लागतात असं होतं, आणि खात्याने त्यातला १,०४६चा आकडा उचलला. पण अहवाल एकच नव्हता. दुसऱ्या एका अहवालात तोच आकडा १,८०० होता.

याचा अर्थ काय होतो ते करून पाहू. कारखान्याने वर्षभरात १ कोटी युनिट वीज वापरली असं धरा. टनाला १,८०० युनिट धरले तर उत्पादन साधारण ५,५५५ टन. १,०४६ धरले तर ९,५६० टन. आणि ५५५ धरले तर १८,००० टनांच्या वर. मीटर एक, भट्टी एक, वर्ष एक. तरी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात तिपटीहून जास्त फरक. भट्टी जुनी आहे की नवी, भंगार कसलं आहे, त्यात स्पंज आयर्न किती, वीज किती वेळा गेली, प्रत्येक वेळी गार झालेला धातू पुन्हा तापवायला किती युनिट लागले, हे जोवर त्या भट्टीपाशी उभं राहून मोजलं जात नाही तोवर सरासरीचा आकडा त्या कारखान्याबद्दल काहीच सांगत नाही. मीरत आयुक्तालयाच्या हद्दीतल्या आर. ए. कास्टिंग्जच्या प्रकरणात न्यायाधिकरणाने नेमकं यावरच बोट ठेवलं: खात्याने त्या कारखान्यात एकही प्रयोग करून पाहिला नव्हता. तो निकाल पुढे उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयातही टिकला, आणि जालन्यासह देशभरच्या भट्टीवाल्यांनी त्याचाच आधार घेतला.

ही विचारसरणी जुनी आहे. १९६२ मध्ये अवध शुगर मिल्सच्या खटल्यात ११,६०६ मण साखर शुल्क न भरता बाहेर गेली असा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण तो सरासरीवरून काढलेल्या अनुमानांवर उभा होता आणि ठोस पुरावा काहीच नव्हता. त्याआधी १९५४ मध्ये ढाक्याच्या ढाकेश्वरी कॉटन मिल्सच्या प्रकरणात याच न्यायालयाने सांगितलं होतं की, अधिकारी पुराव्याच्या तांत्रिक नियमांनी बांधलेला नसला तरी निव्वळ तर्कावर आकारणी करू शकत नाही. तिथे दुसऱ्या गिरण्यांच्या नफ्याची माहिती न्यायाधिकरणाला देण्यात आली होती, पण ती या गिरणीला दाखवलीच नव्हती. ज्याच्याविरुद्ध आकडा वापरायचा त्यालाच तो दाखवायचा नाही, ही माझ्या मते अंदाजित आकारणीतली सर्वांत गंभीर चूक आहे. चुकीचा आकडा दुरुस्त करता येतो. न दाखवलेल्या आकड्याला उत्तर देता येत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. मध्य प्रदेशातल्या इसुफअली यांच्या विक्रीकर प्रकरणात अधिकाऱ्यांना वहीबाहेरच्या १९ दिवसांच्या विक्रीचा कागद सापडला. त्यावरून त्यांनी पूर्ण वर्षाचा अंदाज बांधला आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. स्वतःचे हिशेब लपवणाऱ्याने अंदाज अचूक नाही अशी तक्रार करायची नाही, हे न्यायमूर्ती हेगडे यांचं म्हणणं रास्तच आहे. १९ दिवसांना कागदाचा आधार होता, जालन्यात तो नव्हता. इथेच फरक पडतो.

सरकारलाही या भांडणांचा कंटाळा आला होता. १९९७ मध्ये भट्ट्या आणि रीरोलिंग मिल यांच्यासाठी प्रत्यक्ष उत्पादन मोजणंच सोडून दिलं आणि क्षमतेवरून शुल्क ठरवणारी योजना आणली. माल बनो वा न बनो, भट्टीच्या क्षमतेप्रमाणे भरा. वाद कमी होण्याऐवजी क्षमता कशी मोजायची यावर सुरू झाले, आणि २००१ मध्ये ती तरतूद काढून टाकावी लागली. तिच्याखालच्या दंड आणि व्याजाच्या नियमांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये लावला तेव्हा ते नियम रद्द ठरले, पण तोवर त्यातल्या कितीतरी मिल बंद पडल्या होत्या.

भारतात असे निकाल ढिगाने मिळतात, नावानिशी. सिंगापूरच्या निकालांत तसं नाही. तिथे करदात्याची गोपनीयता जपतात. हायकोर्टाच्या निकालपत्रातही कंपनीचं नाव नसतं, तीन अक्षरं असतात: एबीडी, एसीसी, बीएमएल. पहिल्यांदा वाचताना गोंधळ उडतो, मग सवय होते. धंद्याची गुपितं उघडी पडत नाहीत, हा फायदा मोठा आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याची किंमतही आहे. बहुतेक वाद हरकतीच्या टप्प्यावर बंद दाराआड मिटतात आणि मिटले तर कुणाला कळत नाहीत. खात्याने अमुक उद्योगात नफ्याचं अमुक प्रमाण धरलं, कुणीतरी ते चुकीचं दाखवून दिलं, खात्याने मानलं, हे शेजारच्या कारखान्यापर्यंत पोचत नाही. त्याला तीच लढाई पहिल्यापासून लढावी लागते. नाव न देता, फक्त पद्धत आणि निष्कर्ष सांगणारे हरकतींचे सारांश खात्याने छापले तर गोपनीयता राखूनही हे ज्ञान सर्वांना मिळेल. ते व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आणि ते लवकर व्हायला हवं, कारण अंदाजाचं नवं मैदान तयार झालं आहे. सिंगापूरने २०१८ मध्ये कार्बन प्राइसिंग कायदा केला आणि १ जानेवारी २०१९ पासून कार्बन कर लावला. आग्नेय आशियात तो पहिलाच. वर्षाला २५,००० टन किंवा त्याहून जास्त हरितगृह वायू सोडणाऱ्या कारखान्यांना तो भरावा लागतो. २०२३ पर्यंत दर टनाला ५ डॉलर होता, २०२४ आणि २०२५ साठी २५ झाला, २०२६ आणि २०२७ साठी ४५, आणि २०३० पर्यंत तो ५० ते ८० डॉलरवर नेण्याचा सरकारचा इरादा आहे.

पण चिमणीतून निघालेला वायू तराजूत घालता येत नाही. किती इंधन जाळलं ते मीटरवरून घ्यायचं, त्याला उष्मांक आणि उत्सर्जन गुणकाने गुणायचं, आणि येणाऱ्या आकड्याला उत्सर्जन म्हणायचं. इंधनाची रासायनिक तपासणी स्वतः केली असेल तर गुणक स्वतःचा, नसेल तर ठरावीक तक्त्यातला. फ्लेअरला जळणाऱ्या वायूचं प्रमाण तर तासातासाला बदलतं. कारखाना आपली मापनाची योजना नॅशनल एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडून मंजूर करून घेतो, अहवाल बाहेरच्या तपासनिसाकडून पडताळून घेतो, आणि तरीही अहवाल आला नाही किंवा पटला नाही तर उत्सर्जन ठरवण्याचा अधिकार एजन्सीकडे आहे.

वर्षाला १ लाख टन सोडणाऱ्या कारखान्याच्या मापात ५ टक्क्यांचा मतभेद आहे असं धरा. ५,००० टन. ५ डॉलर दराने हा वाद २५ हजार डॉलरचा. त्यासाठी कुणी वकिलाकडे जाणार नाही. ४५ डॉलर दराने तो २ लाख २५ हजारांचा होतो, ८० दराने ४ लाखांचा. दर कमी होता तोवर गुणकावरून भांडायला कुणाला सवड नव्हती. आता ती काढावी लागेल, आणि तेव्हा जालन्याच्या भट्टीवाल्यांनी विचारलेला प्रश्न जुरॉंग बेटावर विचारला जाईल: हा गुणक आमच्या भट्टीचा आहे की कुठल्या तरी सरासरीचा?

पुढच्या प्रकरणांत वाचकाला अपिलाच्या पायऱ्या, मुदती, मूल्यांकनाच्या पद्धती सविस्तर सापडतील. मला त्यातलं हरकतीच्या पत्राबद्दलचं प्रकरण सर्वांत मोलाचं वाटतं. हरकत म्हणजे ‘आकडा जास्त आहे’ अशी तक्रार नव्हे. हरकतीत आपला आकडा, तो कसा काढला त्याची पद्धत, मूळ कागद, आणि खात्याने कोणती माहिती वापरली याची स्पष्ट मागणी, हे चारही पहिल्याच पत्रात असायला हवं. कायदा कंपनीला पाच वर्षांचे हिशेब ठेवायला सांगतो. मीटरच्या नोंदी, इंधनाच्या तपासणीचे दाखले आणि भट्टी बंद असलेल्या दिवसांची वही त्याच कपाटात त्याच काळजीने ठेवावी. २०२६ या वर्षाच्या उत्सर्जनाचा अहवाल ३० जून २०२७ पर्यंत द्यायचा आहे आणि त्याचा कर ४५ डॉलर दराने ३० सप्टेंबरपर्यंत चुकता करायचा आहे. त्या अहवालातले आकडे ज्या मीटरवरून येतील ती मीटर आता चालू आहेत.